गप्प बसल्यावर ऐकू येणारी शिट्टी

माझ्या मावसभावानं कंधारला घर बांधायला काढलं, तेव्हा त्याचा पहिला फोन मला आला. "ताई, नकाशा तूच काढून दे. न्हाई तरी तू कॉम्प्युटरवर नकाशेच काढतीस की." त्याचं अगदीच चूक नव्हतं. लातूरच्या एमआयडीसीतल्या एका लहानशा कारखान्यात मी एकतीस वर्षं नकाशेच काढले. फक्त ते घरांचे नव्हते, सर्किट बोर्डांचे होते. चार्जर, रेडिओ, वजनकाटा, काहीही उघडलंत तर आत एक हिरवी पाटी दिसते. तिच्यावर तांब्याच्या बारीक रेषा असतात आणि त्या रेषांवर सुटे भाग सोल्डर केलेले असतात. कुठला भाग कुठं बसेल आणि कुठली रेष कुठून कुठं जाईल, हे कुणीतरी ठरवावं लागतं. आमच्याकडं ते मी ठरवायची.

आमचे मालक बसवराजअप्पा. कपाळावर विभूती, खिशात पेनाच्या शेजारी टेस्टर. माझ्या कामाबद्दल त्यांचं मत पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. "रेषाच तर ओढायच्यात, सोनकांबळे मॅडम. त्याला आठ-आठ दिवस कशाला?" गिऱ्हाइकं तर आणखी पुढची. उदगीरचे एक वजनकाट्यांचे व्यापारी बोर्ड बघून नाराज झाले, कारण त्यावर मोकळी जागा फार होती. गिऱ्हाइकाला माल कमी घातल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. शेवटी मी दोन मोठे कपॅसिटर कशालाच न जोडता त्या जागेत बसवून दिले. तेव्हा त्यांचं समाधान झालं. उदगीरच्या मोंढ्यात, धान्यबाजारातल्या काट्यांत, ते कपॅसिटर अजून आरामात बसलेले असतील. त्या बोर्डाची एकही तक्रार आली नाही.

ज्या बोर्डाची तक्रार आली, त्याची गोष्ट सांगायची आहे. त्याआधी थोडं कामाबद्दल सांगते, कारण त्याशिवाय माझी चूक कळणार नाही.

बोर्डावरचा सगळ्यात खोडकर भाग म्हणजे स्विचिंग रेग्युलेटर. बाहेरून चोवीस व्होल्ट येतात आणि आतल्या नाजूक भागांना पाचच लागतात. जुन्या पद्धतीत वरचे व्होल्ट उष्णतेत जाळून टाकायचे, त्यामुळं पेटी तव्यासारखी तापायची. स्विचिंग रेग्युलेटर जाळत नाही. शेतात पाणी देणारा माणूस पाटाचं दारं, म्हणजे वाफ्याचं तोंड, फोडतो, वाफा भिजला की बुजवतो, पुन्हा फोडतो. तशी ही चिप विजेचं दारं उघडते आणि मिटते, सेकंदाला काही लाख वेळा. शेजारची कॉईल आणि कपॅसिटर त्या धक्क्यांतून सपाट प्रवाह तयार करतात.

गोम अशी, की दर वेळी दारं उघडलं की वीज धावत जाते आणि तिला परतही यावं लागतं. ही जाण्यायेण्याची वाट जितकी लांबरुंद, तितका ती आसपासच्या रेषांत गोंगाट पाठवते. बोर्डाला माईक जोडलेला असला आणि परतीची वाट जर माईकच्या ग्राउंडवरून, म्हणजे माईक ज्याला शून्य समजतो त्या तांब्यावरून गेली, तर माईकचा शून्यच डळमळतो. कागदावरचं सर्किट बरोबर, सगळे भाग नवेकोरे, आणि तरी यंत्र बिघडलेलं, असं यामुळं होऊ शकतं. तेव्हा दोष फक्त रेषांत असतो आणि रेषा माझ्या असतात.

नांदेडला कर्णबधिर मुलांची एक निवासी शाळा आहे. तिथल्या बऱ्याच मुलांना अगदीच ऐकू येत नाही असं नसतं. आवाज पुरेसा मोठा करून थेट कानाशी दिला तर थोडंसं आत पोचतं आणि त्या थोडक्यावर बोलणं शिकवता येतं. शाळेच्या चार वर्गांसाठी अप्पांनी यंत्रं करून द्यायचं कबूल केलं. शिक्षकांच्या टेबलावर माईक, खाली आमची पेटी, आणि प्रत्येक बाकावर हेडफोन. इतकी वर्षं डाळ मिलचे आणि काट्यांचे बोर्ड केल्यावर मुलांच्या कानापर्यंत जाणारं काहीतरी करायला मिळालं, याचा मला फार आनंद झाला होता.

पेट्या मात्र अप्पांनी आधीच्या एका कामातल्या उरलेल्या वापरायच्या ठरवल्या. त्यांना मागं भोकं पाडलेली होती. विजेचं सॉकेट आणि माईकचं सॉकेट अगदी शेजारी शेजारी. मला ते तेव्हाच खटकलं. मी एकदा बोलले. अप्पा म्हणाले, डबे तयार हायत, तुम्ही रेषा जरा वळवून घ्या. मी वळवून घेतल्या. त्या वळवण्यात रेग्युलेटरचा कपॅसिटर चिपपासून दूर सरकला आणि परतीची वाट माईकच्या अंगणातून गेली. हे मला दिसत होतं. चालून जाईल, असं मी मनाला सांगितलं. टेबलावर तपासलं तेव्हा चाललंही.

यंत्रं बसवून दोन महिने झाले असतील, तेव्हा मुख्याध्यापक जाधव सरांचा फोन आला. पहिलीतली मुलं हेडफोन काढून टाकतात, आणि यंत्रातून शिट्टी वाजते अशी तक्रार आहे, असं ते म्हणाले. तक्रार कुणाची, असं मी विचारलं. सर जरा हसले. म्हणाले, "आमच्या शिलाईच्या बाईंची. रेहानाबींची. त्यांना स्वतःलाच कमी ऐकू येतं, पण म्हटलं तुमच्या कानावर घालावं."

मी गेले. माईकसमोर उभी राहून हॅलो हॅलो, एक दोन तीन म्हटलं. हेडफोनमध्ये माझा आवाज स्वच्छ येत होता. जाधव सरांनी बोलून पाहिलं, वर्गशिक्षिकेनं बोलून पाहिलं. शिट्टी कुठंच नव्हती. मी भेटीच्या कागदावर लिहिलं, दोष आढळला नाही.

महिन्याभरानं पुन्हा फोन. या वेळी मी माईकची वायर बदलली, सगळे हेडफोन नवे दिले, पुन्हा एक दोन तीन म्हटलं. रेहानाबी दाराशी उभ्या राहून बघत होत्या. पन्नाशीला आलेली, उंच, सडपातळ बाई, गळ्यात मोजमापाची टेप. मी त्यांच्याकडं बघून मान हलवली, सगळं ठीक आहे अशी. त्यांनीही मान हलवली, पण आडवी. मी कागदावर तेच लिहिलं, दोष आढळला नाही. खरं सांगायचं तर परतीच्या बसमध्ये लोह्यापर्यंत मी मनात त्यांच्यावर चिडलेलीच होते. ज्यांना धड ऐकू येत नाही त्यांनी आवाजाची तक्रार करावी, याचं मला हसूही आलं. ते हसू मला आजही बोचतं.

तिसऱ्या फोनवर सरांचा सूर बदललेला होता. यंत्रांचा मुलांना फायदा होत नाही असा शेरा मारून ती परत पाठवायची, असं शाळेच्या समितीत चाललं होतं. पहिलीत देगलूरकडची लक्ष्मी नावाची सहा वर्षांची मुलगी होती. हेडफोन लावला की ती दोन्ही हातांनी ओढून काढायची आणि रडायची. तिच्या पुस्तिकेत 'यंत्राला प्रतिसाद नाही' असं लिहिलं गेलं आणि वडील तिला गावी घेऊन गेले. रेहानाबींना तर सरांनी सांगितलं होतं, की तुम्ही आता पहिलीच्या वर्गात बसू नका, तुमचं बघून मुलं यंत्राला भितात. हे सगळं सरांनी मला साध्या आवाजात सांगितलं.

या वेळी मी मुक्कामाच्या तयारीनं नांदेडला गेले आणि सकाळी शाळेत पोचल्यावर सरांना म्हटलं, मला रेहानाबींशी बोलायचंय.

त्या याच शाळेच्या विद्यार्थिनी. नवव्या वर्षी तापात कान गेले, थोडे उरले. शाळेत शिलाई शिकल्या आणि पुढं तिथंच शिकवायला लागल्या. दुपारी शिलाईचा तास नसला की पहिलीच्या मागच्या बाकावर हेडफोन लावून बसायच्या, बडबडगीतं ऐकायला. समोरच्याचे ओठ बघून त्यांना बरंचसं कळायचं. त्यांचं बोलणं सपाट होतं, चढउतार नसलेलं, पण नीट लक्ष दिलं तर सगळं समजायचं. आधीच्या दोन भेटींत मी तेवढंही लक्ष दिलं नव्हतं.

वर्ग रिकामा होता, मुलं प्रार्थनेला गेली होती. मी हेडफोन लावला आणि सवयीनं माईकशी तोंड नेऊन म्हटलं, "हॅलो, एक दोन..."

रेहानाबींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग माईक माझ्यापासून लांब सरकवला.

"मॅडम, तुम्ही बोलून राहिले," त्या म्हणाल्या. "म्हणून तुम्हाला ऐकू येत न्हाई. जरा गप बसा."

मग त्यांनी पेटीचं आवाजाचं बटण मी ठेवलेल्या तीनवरून हळूहळू वर नेलं. सातवर आल्यावर थांबल्या आणि स्वतःच्या कानाकडं बोट दाखवलं. पहिलीच्या मुलांसाठी आवाज इतका ठेवतात, असं त्यांना सांगायचं होतं. माझे कान सांभाळायला मी नेहमी तीनवर ऐकत होते. त्या समोरच्या बाकावर बसल्या. मीही बसले. कुणी काही बोललं नाही.

दोन-तीन सेकंद काहीच नव्हतं. मग बारीक, टोकदार शिट्टी सुरू झाली. कुकरची शिट्टी लांबून यावी तशी, पण न थांबणारी. माझ्या दातांपर्यंत पोचली ती. मी नकळत "अरे" म्हटलं, आणि त्या क्षणी शिट्टी गायब झाली. गप्प बसले, पुन्हा आली. बोलले, गेली.

मी हेडफोन काढला. रेहानाबी माझ्या चेहऱ्याकडं बघत होत्या. मी दोन्ही हात जोडले. त्या एवढंच म्हणाल्या, "बच्चे झूट न्हाई बोलत, मॅडम."

त्या दिवशी मी पेटी उघडून स्कोप लावला. स्कोप म्हणजे विजेची हालचाल पडद्यावर दाखवणारं यंत्र. पाहिलं तर सगळं समोरच होतं. कुणी बोलत असलं की पेटीला वीज जास्त लागते आणि रेग्युलेटर एकसारखा, सेकंदाला लाखो वेळा चालतो. ते माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. वर्गात शांतता झाली की वीज फारशी लागत नाही, मग चिप वीज वाचवायला मधे मधे झोपते आणि थोड्या थोड्या वेळानं एकदम धक्का देते. हे धक्के सेकंदाला दोन-तीन हजार. तो बरोबर कानाचा पल्ला. आणि ते धक्के मी आखलेल्या वाटेनं, थेट माईकच्या अंगणातून परत जात होते. कारखान्यात आम्ही तपासताना माईकच्या जागी सतत एक सूर सोडून ठेवायचो. म्हणजे ज्या पद्धतीनं तपासत होतो, त्याच पद्धतीनं दोष झाकला जात होता. बोलणाऱ्या माणसाला तो कधीच सापडला नसता. वर्गाच्या बाई फळ्यावर लिहायला वळल्या की मुलं गप्प बसायची, आणि तेवढा वेळ ती शिट्टी त्यांच्या कानात घुसत राहायची.

लातूरला येऊन मी अप्पांना सांगितलं, की बोर्ड नवा करावा लागेल आणि पेट्यांनाही नवी भोकं पाडावी लागतील. तयार झालेले बोर्ड टाकून द्यावे लागतील, हेही सांगितलं. अप्पा म्हणाले, वरून एखादा कपॅसिटर लावून भागवा. मी दोन दिवस तेही करून पाहिलं होतं. शिट्टी बारीक झाली, गेली नाही. अप्पांना वाटत होतं मी उगीच बाऊ करते.

मी म्हटलं, "अप्पा, चूक माझी हाय. पेटीची भोकं बघून मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी दुसऱ्यांदा बोलले न्हाई. पण आता ह्या रेषा मी तशाच ठेवणार न्हाई."

मग मी त्यांना एक विनंती केली. आमच्या शेजारी डाळ मिल होती, तिच्या आवाजात काहीच ऐकू यायचं नाही. म्हणून मिलच्या सुट्टीच्या दिवशी अप्पांना बोलावलं, हेडफोन दिला, बटण सातवर नेलं आणि गप्प बसायला सांगितलं. अप्पांना गप्प बसलेलं त्या कारखान्यात कुणी पाहिलं नव्हतं. पाच मिनिटं त्यांनी कशीबशी काढली. मग हेडफोन टेबलावर ठेवून बराच वेळ कान चोळत राहिले.

"हे पोरं रोज ऐकून राहिले होते?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. त्यांनी पत्र्याचं काम करणाऱ्याला फोन लावला.

नवा बोर्ड आखायला मला अकरा दिवस लागले, आणि या वेळी किती दिवस लागतील असं कुणी विचारलं नाही. कपॅसिटर चिपला अगदी खेटून बसवला. विजेची जी वाट आधी बोटभर लांब होती, ती करंगळीच्या नखात मावेल एवढी झाली. चिपला व्होल्टेजची खबर देणारी बारीक रेष आधी कॉईलच्या पोटाखालून जात होती, ती उचलून लांबून नेली. माईकचं ग्राउंड वेगळं ठेवलं आणि एकाच जागी बाकीच्यांना जोडलं. माईकचं सॉकेट पेटीच्या दुसऱ्या टोकाला गेलं. चिप अजूनही शांततेत धक्के देतच होती, तो तिचा स्वभाव आहे. फक्त त्या धक्क्यांना आता मुलांच्या कानाकडं जायला वाट उरली नव्हती. आयुष्यात शेकडो बोर्ड आखले, पण देखणा म्हणावा असा तो एकच. त्याची एक रिकामी पाटी मी घरी ठेवली आहे. पाहुण्यांना दाखवते, त्यांना काही कळत नाही, तरी दाखवते.

नवी यंत्रं घेऊन शाळेत गेले तेव्हा आधी ऑफिसात बसून भेटीचा कागद लिहिला. त्यात लिहिलं, की आधीच्या दोन्ही नोंदी चुकीच्या होत्या, दोष पहिल्या दिवसापासून होता, तो बोर्डाच्या आखणीत होता आणि आखणी माझी होती. तो शिलाई शिक्षिका रेहानाबी यांनी शोधून दिला. जाधव सरांनी कागद दोनदा वाचला. एवढं स्पष्ट लिहायची गरज आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आहे. सरांनी शिपायाला पाठवून रेहानाबींना बोलावलं आणि कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उभ्यानंच वाचला, घडी घालून सरांना परत दिला आणि सरांना विचारलं, आता मी पहिलीत बसू का. सर खुर्चीतून उठले आणि स्वतः त्यांना वर्गापर्यंत घेऊन गेले.

लक्ष्मीसाठी सरांनी दोनदा निरोप धाडला. तिचं घर साखर कारखान्यावर ऊसतोडीला गेलं होतं. पुढंही ती आली नाही. एवढी एक गोष्ट माझ्या हिशोबात कायमची वजा आहे. ती कुणी मला विचारत नाही, मीच स्वतःला विचारते.

त्या दुपारी पहिलीत तास सुरू झाला. मी आणि रेहानाबी मागच्या बाकावर हेडफोन लावून बसलो. बटण सातवर. वर्गाच्या बाईंनी मुलांकडून 'पाटी' म्हणवून घेतलं, मग त्या लिहायला फळ्याकडं वळल्या आणि वर्ग शांत झाला. मी श्वास धरून बसले. एक सेकंद, दोन, तीन. शिट्टी नाही. समोरच्या चौदा डोक्यांपैकी एकाचाही हात हेडफोनकडं गेला नाही.

आणि मग त्या शांततेतून दुसरंच काहीतरी यायला लागलं. कर्र, टक, कर्र, टक. पुढच्या बाकावरच्या एका मुलानं मान वळवून फळ्याकडं पाहिलं. मग दुसऱ्यानं. टेबलावरचा माईक फळ्यावरच्या खडूचा आवाज उचलत होता.

रेहानाबींनी माझं मनगट धरलं.

"खडू," त्या म्हणाल्या. "खडूला आवाज असतो. मी इसरून गेल्ती."

बाई लिहीत राहिल्या. रेहानाबी तास संपेपर्यंत डोळे मिटून बसल्या होत्या, आणि मी लातूरची साडेचारची बस सोडून दिली.